मोकळी खोली, मासिक वर्गणी

मागची खोली मोकळी करायची, एवढंच ठरलं होतं. धंदा वगैरे कुणाच्या मनातही नव्हता, निदान ग्रंथपालांच्या तर नव्हताच. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात दुकानदाराला 'हे जरा महाग वाटतं' असं म्हटलं नाही, आणि एकदाच म्हणायला गेला तेव्हा घसा खाकरून शेवटी 'दोन द्या' म्हणाला, त्याने धंदा काढणं म्हणजे माशाने छत्री विकत घेण्यासारखं. पण घडलं खरं.

ग्रंथपाल कॉलेजातून निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या मागोमाग पुस्तकंही निवृत्त झाली. जीर्ण, दुबार आणि कुणी कधीच न नेलेली अशी पुस्तकं कॉलेजने काढून टाकायची ठरवली होती. ती लगद्याला जाणार हे ऐकून ग्रंथपालांनी ती घरी आणली. "दोन-चार आहेत," असं त्यांनी बायकोला सांगितलं होतं. ते अगदीच खोटं नव्हतं. टेम्पोच्या दोन-चार खेपाच झाल्या.

अडचण अशी की मागच्या खोलीवर आधीच कुणाचा तरी हक्क होता. बायकोचं शिलाई मशीन लग्नापासून स्वयंपाकघरात, ओट्याला खेटून उभं होतं. एकदा एका फ्रॉकची बाही भाताच्या वाफेवर शिजून निघाली, तेव्हापासून ती म्हणत आली होती, "तुम्ही निवृत्त झालात की मागची खोली माझी. मला शिवणाचा वर्ग काढायचाय." ग्रंथपालांनी दर वेळी मान डोलावली होती. मान डोलावणं हा त्यांचा स्वभाव होता आणि तो करार ठरतो हे त्यांना माहीत नव्हतं. शिवाय सगळी इमारत तिला 'ग्रंथपालीणबाई' म्हणायची, तेही तिला खुपायचं. "मी एक ओळ वाचत नाही आणि नाव बघा काय," ती म्हणायची.

शेवटी एका सकाळी तिने चहाचा कप जरा जास्तच आवाज करून ठेवला.

"अहो, शाळा उघडल्या की माझा वर्ग सुरू होतोय. चार जणींना शब्द दिलाय मी."

"एवढ्या लवकर?"

"लवकर? केस पांढरे झाले माझे! तोवर खोली मोकळी झाली तर ठीक. नाहीतर मी रद्दीवाल्याला बोलावते."

रद्दीवाला एकदा येऊन गेला होता. त्याने मोठा शब्दकोश एका हातावर तोलला आणि "यात माल आहे" असं म्हणाला. त्या कोशावरचा इतका नेमका अभिप्राय ग्रंथपालांनी कुठल्याही नियतकालिकात वाचला नव्हता. तरी त्यांनी दार लावून घेतलं होतं.

अशा वेळी भाची आली. ही भाची लोकांना वेबसाइट करून द्यायची आणि त्यामुळे तिच्याकडे जगातल्या प्रत्येक दुखण्यावर वेबसाइट हे एकच औषध होतं.

"मामा, देऊन टाका ना कुणाला तरी."

"असं कसं देऊन टाकू? पुस्तक वाटेल त्याच्या गळ्यात बांधता येत नाही. स्थळ बघावं लागतं."

"मग तेच करू या! लोक आजकाल सगळं वर्गणी भरून मागवतात. मोजे, कॉफी, कुत्र्याचं खाणं. दर महिन्याला खोकं दारात हजर. तुम्ही दर महिन्याला एक पुस्तक पाठवायचं, माणूस बघून निवडलेलं. खोली रिकामी, मामी खूश, आणि तुमचा धंदा सुरू."

"धंदा हा शब्द नको गं."

"बरं, उपक्रम."

"उपक्रम चालेल."

"काहीही म्हणा," स्वयंपाकघरातून आवाज आला, "मला मोकळी खोली हवी आहे."

"मामी, हेच नाव!" भाची टुणकन उठली. ग्रंथपालांनी मनातल्या मनात 'ज्ञानवितरण' असं एक भारदस्त नाव काढून ठेवलं होतं, पण ते बोलायला तोंड उघडेपर्यंत 'मोकळी खोली' नावाची वेबसाइट घेऊन झाली होती. लोकांना ते फार खोल वाटेल, मनाची मोकळी खोली वगैरे, असं भाची म्हणाली. पुढे लोकांना ते तसंच वाटलं. धंद्यातला एक धडा हा की, नाव ठेवताना फार विचार करू नये. तो गिऱ्हाइकं करतात.

आता वरच्या मजल्यावर विमावाले राहत. जन्मभर विमा विकल्यामुळे संकट यायच्या आधी दारात उभं राहायची त्यांना सवय होती. ते जिना उतरून आले.

"साहेब, ऑनलाइनमध्ये माणूस दिसत नाही. माणूस दिसत नाही तिथे विश्वास नाही. तुमचा फोटो टाका." भाचीने फोटो काढला. "हसू नका," विमावाले म्हणाले, "हसणारा माणूस पैसे घेऊन पळणारा वाटतो." दुसरा फोटो काढला. "आता पैसे बुडालेला वाटतोय." शेवटी ग्रंथपालांचा पाठमोरा फोटो टाकला. त्यांच्या मते त्यात त्यांचा स्वभाव सर्वांत चांगला उतरला होता.

मग भाचीने 'नियम आणि अटी' लिहायला सांगितलं. तिच्या दृष्टीने ती चार ओळींची, कुठूनही उचलून चिकटवायची गोष्ट होती. ग्रंथपालांच्या दृष्टीने हा उपक्रमाचा आत्मा होता. ते रात्रंदिवस तेच घेऊन बसले. ओल्या हाताने पुस्तक हाताळू नये. पानांचे कान पिळू नयेत. पुस्तकात फूल, पीस, बिल वा कंगवा ठेवू नये (कंगव्यामागे एक खराखुरा प्रसंग होता). नव्या सभासदास दोन जुन्या सभासदांची शिफारस आवश्यक राहील. भाचीने ते सगळं, त्यांनीच आखलेल्या प्रवेश-अर्जासकट, न वाचता वेबसाइटवर चढवलं, कारण नियम आणि अटी कुणीच वाचत नाही, ज्यांचा तो पोटापाण्याचा उद्योग आहे तेही नाहीत.

मोठ्या थाटात 'मोकळी खोली' सुरू झाली आणि कुणीही आलं नाही. ग्रंथपालांना धक्का वगैरे बसला नाही. उलट, जगाबद्दलचा आपला अंदाज बरोबर निघाल्याचं एक शांत समाधान त्यांना मिळालं. रोज संध्याकाळी ते वेबसाइट उघडायचे, शून्य बघायचे आणि मिटायचे. अखेर एक दिवस विमावाले मोबाइल पुढे धरूनच खाली आले.

"साहेब, तुमचं दुकान मला आत घेत नाही. दोन जुने सभासद मागतंय."

"हो, तसा नियम आहे."

"जुने सभासद किती आहेत?"

"अजून एकही नाही."

"मग पहिला माणूस आत शिरणार कुठून?"

ग्रंथपाल विचारात पडले. कॉलेजचं ग्रंथालय त्यांच्या जन्माआधीचं होतं. तिथला पहिला सभासद कुणाच्या शिफारशीने झाला असेल? हा प्रश्न त्यांना इतका आवडला की समोर विमावाले उभे आहेत हे ते विसरलेच. रात्री भाचीने फोनवर जे काही म्हणायचं ते म्हटलं आणि नियम काढून टाकला.

उद्योगाची नोंदणी करायला गेले तर त्या सरकारी कार्यालयातही घोडं अडलं. खिडकीमागच्या कारकुनाने मान वर न करता विचारलं, "उद्योगाचं स्वरूप?"

"पुस्तकं देतो."

"विकता की भाड्याने?"

"म्हणजे... देतो. लोकांना."

"आजोबा, विकलेली वस्तू परत येत नाही. भाड्याची येते. तुमची येते की नाही?"

मागे रांग होती. रांगेतले लोक उसासे टाकत होते. ग्रंथपालांनी प्रामाणिकपणे विचार केला. "यायला नको," ते म्हणाले, "पण आली तर वाईट वाटणार नाही."

कारकुनाने आता मात्र मान वर केली. बराच वेळ त्याने संगणकावरच्या यादीत शोध घेतला. कुक्कुटपालन होतं, मंडप होते, गाद्या पिंजून देणं होतं. शेवटी त्याने 'इतर'वर बोट ठेवलं. ज्या माणसाने जन्मभर प्रत्येक पुस्तकाला त्याच्या विषयाचा क्रमांक देऊन हक्काच्या फळीवर बसवलं, त्या माणसाला सरकारने 'इतर'मध्ये टाकलं. घरी येईपर्यंत ते कुणाशी बोलले नाहीत. तसे ते एरवीही बोलत नसत, पण आज त्याला कारण होतं.

तरी हळूहळू चार सभासद झाले. विमावाले, भाचीची एक मैत्रीण, कोपऱ्यावरचे दातांचे डॉक्टर आणि एक अनोळखी बाई. 'तुम्हाला काय वाचायला आवडतं?' या प्रश्नाला मैत्रिणीने 'काहीही' असं उत्तर दिलं, ते ग्रंथपालांच्या जिव्हारी लागलं. डॉक्टरांनी 'छोटं' लिहिलं. विमावाल्यांनी लिहिलं, 'फायद्याचं'. अनोळखी बाईंनी मात्र लिहिलं, 'ज्यात शेवटी सगळे एकत्र जेवायला बसतात असं'. अशी पुस्तकं किती आहेत ते आठवता आठवता ग्रंथपालांची दुपार सुखात गेली.

प्रत्येक पुस्तक पाठवण्याआधी ते पुन्हा वाचायचे. स्थळ पसंत पडेल ना, मुलगी नांदेल ना, अशी बापाची धाकधूक. मग तपकिरी कागद, मग सुतळी, मग आणखी सुतळी. पोस्टातली पार्सलवाली बाई गाठी मोजून म्हणाली, "आजोबा, पळून जाणार आहे का पुस्तक?"

एका संध्याकाळी बायकोने त्यांचा हात धरून उजेडात नेला.

"हा अंगठा कसला जांभळा?"

"शाई."

"कसली शाई?"

"कामाची," ग्रंथपाल म्हणाले आणि हात मागे घेतला. त्यांनाही नक्की आठवत नव्हतं.

आणि मग तो व्हिडिओ झाला. विमावाले पहिलं पुस्तक वाचून, दाखवायला म्हणून घेऊन आले होते. कुठवर वाचलं हे कळावं म्हणून त्यांनी जागोजाग पानांचे कोपरे दुमडले होते. भाची त्या वेळी पार्सलं बांधण्याचं चित्रीकरण करत होती. ग्रंथपालांनी पुस्तक उघडलं, एक कोपरा बोटाने सरळ केला, दुसरा केला, आणि विमावाल्यांकडे बघून अगदी हळू आवाजात म्हणाले, "एवढे कान पिळलेत. काय हो अपराध केला होता त्याने?"

आवाज चढवला असता तर कुणाला काही वाटलं नसतं. पण त्या हळू आवाजाने विमावाल्यांचा चेहरा असा उतरला की जणू वर्गात उभं केलंय. भाचीने तेवढाच तुकडा इंटरनेटवर टाकला. आठवड्याच्या आत तो लोकांनी इतका बघितला की ग्रंथपालांना भाजीवाला ओळखू लागला. बसमध्ये एका अनोळखी तरुणीने त्यांना बघून आपल्या पुस्तकातला दुमडलेला कोपरा घाईघाईने सरळ केला. 'कानवाले आजोबा' हे नाव पडलं. जन्मभर लोकांच्या नजरेआड राहण्यासाठी ज्याने फळ्यांमधली नोकरी धरली, त्याला आता मागच्या गल्लीने घरी यावं लागायचं.

सभासद मात्र धो धो आले. भाची, मैत्रीण, विमावाले, सगळे पार्सलं बांधायला बसले. मागच्या खोलीत आधी भिंत दिसली. तिचा रंग पिस्ता होता, यावर नवरा-बायकोचं एकमत व्हायला थोडा वेळ गेला. मग चक्क खिडकी निघाली. खोलीला खिडकी आहे हेच दोघं विसरून गेले होते. बायकोने टेपने माप घेऊन पडदे शिवले आणि एका दुपारी मशीन ढकलत ढकलत खिडकीपाशी नेलं. ग्रंथपाल पार्सलचा कागद शोधत तिथे आले तेव्हा ती उजेडात बसून शिवत होती, आणि गुणगुणत होती. ती गुणगुणते हे त्यांना आठवत होतं, पण लग्नानंतरच्या पहिल्या वर्षानंतर कधी ऐकल्याचं आठवत नव्हतं. ते कागद न घेताच परत गेले.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण दुसऱ्याच आठवड्यात कुरिअरवाला दारात उभा राहिला.

"आजोबा, परत आलंय."

डॉक्टरांचं पुस्तक होतं. नवं कव्हर घालून, नीट बांधून पाठवलेलं. पत्ता चुकला असेल म्हणून ग्रंथपालांनी ते आत ठेवलं. दुसऱ्या दिवशी सात-आठ आली. त्यानंतर कुरिअरवाला पोतं घेऊन यायला लागला, आणि मग पोतं उचलायला माणूस घेऊन यायला लागला. कुणी सोबत चिठ्ठी ठेवलेली, 'घरात आजारपण होतं म्हणून दोन दिवस उशीर झाला, क्षमा असावी. एकही कान पिळलेला नाही.' कुणी दंड म्हणून लिमलेटच्या गोळ्या पाठवलेल्या.

भाचीचा फोन आला. आवाजात वादळापूर्वीची शांतता होती.

"मामा, एक पुस्तक उघडा. पहिलं पान. काय दिसतंय?"

"पुस्तकाचं नाव."

"त्याच्या खाली?"

त्याच्या खाली, सरळ, ठसठशीत, जांभळ्या शाईत लिहिलं होतं: पंधरा दिवसांत परत करावे.

निरोप समारंभात कॉलेजने त्यांना शाल दिली होती आणि त्यांच्या टेबलावरचा शिक्का आठवण म्हणून दिला होता. शाल कुठे गेली देव जाणे. शिक्का मात्र पार्सलांच्या टेबलावर, शाईच्या गादीशेजारी, हाताच्या अंतरावर होता.

"मामा, तुम्ही शिक्के मारत होतात?"

"मी? छे!" असं म्हणून ग्रंथपालांनी आपल्या अंगठ्याकडे बघितलं. इतकी वर्षं त्यांच्या हातून एकही पुस्तक शिक्क्याशिवाय बाहेर पडलं नव्हतं. हातानेच ते करून टाकलं होतं. मालकाला विचारलंही नव्हतं.

"अगं, पण सगळ्यांनी परत केली!" ते म्हणाले, आणि आवाजातला आनंद त्यांना लपवता आला नाही. कॉलेजात प्राध्यापकसुद्धा पुस्तकं पचवून बसायचे. इथे कव्हरं घालून, उशिराच्या दंडासकट, शंभर टक्के परत! त्या व्हिडिओतल्या चेहऱ्याचं पुस्तक पचवायची कुणाची छाती झाली नव्हती. धंद्याच्या दृष्टीने हा अनर्थ होता, पण ग्रंथपालनाच्या इतिहासात हे सुवर्णयुग होतं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी ठीक. पण काही सभासदांनी पुस्तकाबरोबर आपल्या घरातलीही पाठवली होती. 'आमचीही खोली मोकळी करायची होती, तुम्ही नीट सांभाळाल म्हणून पाठवतो.' घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं. आधी गेली त्याहून जास्त पुस्तकं आली. खिडकी पुन्हा दिसेनाशी झाली. पुस्तकं बोळात आली, पलंगाखाली गेली, वॉशिंग मशीनवर चढली.

बायकोने मशीन ढकलत ढकलत परत ओट्याशेजारी आणलं. ग्रंथपाल मदतीला धावले तर म्हणाली, "राहू द्या." भांडली नाही, की रद्दीवाल्याचं नाव काढलं नाही. पडदे काढून घडी करताना फक्त एवढंच विचारलं, "बायकांना नाही म्हणून कळवू ना?"

ती भांडली असती तर ग्रंथपाल नेहमीसारखे मान डोलावून मोकळे झाले असते. या प्रश्नाला मात्र त्यांच्याकडे मान नव्हती. त्यांनी चपला घातल्या आणि जन्मात प्रथमच आपण होऊन रद्दीवाल्याच्या दुकानात गेले.

तिथे दहा मिनिटं तराजूकडे बघत उभे राहिल्यावर त्यांच्या तोंडून निघालं, "सगळी घेऊन जा. उद्याच या."

रद्दीवाला गडबडीने उठला. "नाही बाबा! आमच्या घरात सगळ्यांनी तुमचा व्हिडिओ पाठ केलाय. तुमची पुस्तकं मी घेतली हे कळलं तर बायको मला घरात घेणार नाही."

"अहो, मी स्वतः देतोय."

"तेच तर. जास्त वाईट दिसेल." मग त्याने गठ्ठ्याखालून दोन जाडजूड पुस्तकं ओढून काढली. "उलट ही तुम्हीच न्या. कालच आलीत. मला फाडवेनात."

पुस्तकं द्यायला गेलेले ग्रंथपाल दोन पुस्तकं घेऊन परत आले. नाही म्हणणं त्यांना दुकानात कधी जमलंच नव्हतं. जिन्यात ते पहिल्याच पायरीवर बसले. वरून विमावाले उतरत होते, काखेत पुस्तक.

"साहेब, बरं झालं भेटलात. हे परत घ्या. आणि ते दातांच्या डॉक्टरांकडे गेलेलं मला हवंय. त्यांना माझं हवंय, दवाखान्यात बोलणं झालं आमचं. खरं सांगू का? त्यांचं तुमच्याकडे, तुमचं माझ्याकडे, माझं परत तुमच्याकडे, ही हमाली कशाला? आम्ही आपसातच देत जाऊ की! उगाच तुमच्या घरी कशाला मुक्काम?"

आजवर विमावाल्यांनी दिलेल्या सल्ल्यांची मोजदाद केली तर त्यावर एक ग्रंथ झाला असता आणि तोही कुणी नेला नसता. पण हा सल्ला ऐकून ग्रंथपाल पायरीवरून उभेच राहिले. विकलेलं येत नाही, भाड्याचं येतं, असं तो कारकून म्हणाला होता. आणि विकलंही नाही, भाड्यानेही दिलं नाही तर? पुस्तक घरी येणारच नाही, पण हरवणारही नाही. नुसतं फिरत राहील. ग्रंथपालनाच्या वर्गात शिकवलं होतं की उत्तम ग्रंथालयाच्या फळ्या रिकाम्या असतात. परीक्षेत ते वाक्य त्यांनी लिहिलंही होतं. त्याचा अर्थ आपली फळी रिकामी करणं असा होतो, हे मात्र त्यांना आत्ता कळत होतं आणि फारसं आवडत नव्हतं.

तरी ते वर गेले नाहीत. चौकातल्या शिक्केवाल्याकडे गेले आणि नवा शिक्का करायला टाकला: पंधरा दिवसांत पुढच्या सभासदाकडे पाठवावे.

भाचीने वेबसाइटला तशी शिकवण दिली. कुणाचं पुस्तक पुढे कुणाकडे जाणार, ते ज्याचं त्याला कळू लागलं. मग घरात शिक्क्यांचा असा दणदणाट सुरू झाला की खालच्या मजल्यावरून विचारणा आली. या वेळी सुतळी बांधायला बायकोही बसली. ग्रंथपाल प्रत्येक पुस्तक उघडायचे, एक पान वाचायचे, मिटायचे आणि मग शिक्का मारायचे. तेवढा वेळ ती सुतळी हातात धरून थांबायची. शेवटी उरला तो शब्दकोश. त्यावर शिक्का धरून ते बराच वेळ बसले.

"ते राहू द्या," बायको म्हणाली, "माझ्या मशीनचा एक पाय आखूड आहे."

सगळ्या भाषेचा हा असा मान राखला गेलेला बघून ग्रंथपालांना काय वाटायचं ते वाटलं. पण घरात एक तरी पुस्तक उरलं. शिवाय मशीन हललं नाही. कोशात माल होताच.

शाळा उघडल्या आणि वर्ग सुरू झाला. शब्द दिला होता चौघींना, आल्या दुप्पट. खिडकीला पडदे लागले. कात्र्यांचा कचकच आवाज, हसणं, 'अगं तिरकं गेलं' असा आरडाओरडा मागच्या खोलीतून येत राहिला. एका सकाळी दारात नव्या शिकाऊ बाई आल्या आणि ग्रंथपालांना म्हणाल्या, "शिवणबाईंचे मिस्टर ना तुम्ही?" 'कानवाले आजोबा' पचवल्यावर हे पचवायला फार वेळ लागला नाही. मागच्या खोलीच्या दारापर्यंत त्यांना पोचवताना ग्रंथपालांनी स्वतःहून ती हाक मारली, "शिवणबाई, तुमच्याकडे आल्यात."

आतलं गुणगुणणं क्षणभर थांबून पुन्हा सुरू झालं.

'मोकळी खोली' आता आपली आपण चालत होती. भाचीने हट्ट धरला की या उद्योगातून काय शिकलात ते लिहून द्या, लोकांना धडे हवे असतात. ग्रंथपाल दुपारी कागद घेऊन बसले. 'धडा पहिला' असं लिहून अधोरेखित केलं. खाली 'गिऱ्हाइकाला ओळखावे' असं लिहिलं आणि आपण कुणाला ओळखतो, म्हणून खोडलं. 'सवयीपासून सावध राहावे' लिहिलं आणि अगोचरपणा वाटला, म्हणून तेही खोडलं. एवढ्यात बायको दारात येऊन उभी राहिली. तिच्या गळ्यात टेप होती आणि कपाळावर आठ्या.

"अहो, तो तुमचा जुना शिक्का आहे का अजून?"

"कोणता?" ग्रंथपालांनी साळसूदपणे विचारलं.

"तोच हो. परत करावे वाला. मोठी कात्री कुणीतरी नेली. कॉलरचे कागद नेले, झबल्याचा नमुना नेला. विचारलं की सगळ्या म्हणतात, आणते उद्या. आणत कुणीच नाही!"

ग्रंथपालांनी टेबलाचा खण उघडला. शाल इथेच होती तर. तिच्या घडीतून त्यांनी शिक्का काढला, फुंकर मारली आणि बाहीला पुसला.

"पंधरा दिवस फार होतील," ते म्हणाले. "कात्रीला कापडी पट्टी बांधून त्यावर मार. नमुन्यांवर उजव्या कोपऱ्यात. आणि नव्या बाईला घेताना दोन जुन्या बायकांची शिफा—"

"अहो, द्या इकडे!"

मागच्या खोलीतून संध्याकाळपर्यंत ठप्प, ठप्प असा आवाज येत होता. चार दिवसांनी कात्री परत आली, तीही धार लावून. त्या सकाळी चहाचा कप पुढे करणारा हात ग्रंथपालांनी हलकेच धरला आणि उजेडात नेला.

"हा अंगठा कसला जांभळा?"

"शाई."

"कसली शाई?"

"कामाची," ती म्हणाली, आणि हात मागे घेतला.